परत परत येणारं वाक्य : चिमुकल्यांसाठी आणि नव्या वाचकांसाठी पुनरावृत्तीची चित्रपुस्तकं कशी निवडावीत

दीड-दोन वर्षांचं मूल तेच ते पुस्तक उचलून मांडीवर येऊन बसतं. शेवटचं पान झालं की लगेच "पुन्हा!" मोठ्यांना कंटाळा येतो आणि पुढच्या खेपेला नवं, जास्त मजकुराचं पुस्तक घरात येतं. मूल ते दोनदा चाळतं आणि परत जुन्याकडे वळतं. कारण त्या पुस्तकात पुढच्या पानावर काय येणार हे त्याला ठाऊक असतं, आणि ते येण्याआधी आपण म्हणून टाकण्यात त्याला मोठी मौज वाटते. पूर्ण वाक्य रचता येत नसतानाही गोष्टीत त्याला एक जागा मिळालेली असते.

हे लाडाकोडापुरतंच नाही. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठात जेसिका हॉर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन वर्षांच्या मुलांसोबत केलेला एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. काही मुलांना त्याच त्या गोष्टी पुन्हा पुन्हा वाचून दाखवल्या, काहींना दर वेळी वेगळ्या. नवे शब्द दोन्ही गटांच्या कानावर सारख्याच वेळा पडले होते, तरी त्याच गोष्टी ऐकणाऱ्या मुलांनी ते जास्त चांगले लक्षात ठेवले. "पुन्हा!" म्हणणारं मूल आपल्याला हवं तेच मागत असतं. आपलं काम एवढंच, की शंभरदा म्हणावं लागलं तरी तोंडाला गोड लागेल असं वाक्य असलेलं पुस्तक निवडायचं. म्हणून माझा आग्रह असा की दुकानात किंवा वाचनालयात पुस्तक हातात घेतलं की गोष्ट नंतर बघा, आधी परत परत येणारं वाक्य शोधा.

मोजमापासाठी घरातलीच गोष्ट

चांगली पुनरावृत्ती कशी असते हे पाहायला चिऊ-काऊची गोष्ट पुरे. पावसात भिजलेला कावळा दर वेळी एकच म्हणतो, "चिऊताई, चिऊताई, दार उघड." त्यात एका अक्षराचाही फरक नाही. चिमणीचं उत्तरही एकाच साच्यातलं : थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालू दे, थांब, माझ्या बाळाचं अंग पुसू दे, थांब, माझ्या बाळाला काजळ घालू दे. बदलतं ते एकच काम. आणि ही कामं येतात त्या क्रमाने मुलाची स्वतःची रोजची अंघोळ होते, म्हणून न्हाऊ घातल्यावर अंग पुसणार हे त्याला सांगावं लागत नाही. शेवटी दार उघडतं आणि साचा मोडतो.

हाक जशीच्या तशी, उत्तरात एकच बदल, तो बदल मुलाच्या अनुभवातला, आणि शेवटी काहीतरी वेगळं. कुठलंही नवं पुस्तक चाळताना या गोष्टीशी ताडून पाहा. म्हातारी आणि भोपळ्याची गोष्ट किंवा टोपीवाल्या उंदराची गोष्ट घेतलीत तरी हेच सापडेल.

पायरी पहिली : ऐकायला की वाचायला?

हे ठरवल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण दोन्हींसाठी लागणारी पुस्तकं वेगळी आहेत. अजून अक्षरं न ओळखणाऱ्या मुलाला पुस्तक तुम्ही वाचून दाखवणार. तिथे शब्द कितीही अवघड असू देत, कानाला ठेका लागला पाहिजे. पहिली-दुसरीतलं मूल स्वतः वाचणार असेल तर तोच मजकूर त्याला अक्षर-अक्षर लावत वाचायचा आहे. तिथे ठेक्याइतकंच अक्षरांकडेही बघावं लागतं. 'वयोगट ३ ते ६' असा शिक्का मारलेली बरीच पुस्तकं या दोन्हींच्या मधे लोंबकळतात : ऐकायला कोरडी, वाचायला अवघड. मुखपृष्ठावरच्या वयोगटावर विसंबू नका.

पायरी दुसरी : वाक्य मोठ्याने म्हणा

मनात वाचून काही कळत नाही. दुकानात संकोच वाटला तरी पुटपुटत का होईना, चार पानं ओळीने म्हणून बघा.

पहिली गोष्ट श्वासाची. दोन-अडीच वर्षांच्या मुलासाठी पालुपद, म्हणजे हे परत परत येणारं वाक्य, एका दमात म्हणता यावं. चार-पाच शब्द बेताचे. मोठं असलं तर त्याचे दोन सारखे तुकडे पडायला हवेत. दुसरी गोष्ट नादाची. 'टुणूक टुणूक', 'ढुम ढुम', 'खळ खळ' असे नाद मूल सगळ्यात आधी उचलतं, कारण ते म्हणायला अर्थ कळायची वाट बघावी लागत नाही. एक वर्षाच्या आसपासच्या बाळासाठी तर पूर्ण वाक्यही नको. दर पानावर एक प्राणी आणि त्याचा आवाज पुरेसा आहे.

तिसरी गोष्ट बोलीची. 'ते घर खूपच छोटे होते' आणि 'घर होतं छोटंसं' यातलं दुसरं वाक्य घरात कुणीतरी खरंच बोलेल. वाचून दाखवायच्या पुस्तकात बोलण्यातली 'छोटं, आलं, केलं' अशी रूपं असलेली बरी. स्वतः वाचणाऱ्या मुलाला शाळेच्या पुस्तकातली 'छोटे, केले' ही रूपंही भेटतात आणि चालतात, पण एकाच पुस्तकात दोन्हींची सरमिसळ नको. काही पुस्तकांत ती सर्रास असते.

चौथी गोष्ट जरा थांबून पाहण्यासारखी आहे, कारण परदेशी पुस्तकं निवडण्याचे सल्ले इथे उपयोगी पडत नाहीत. कावळा आला, चिमणी आली, पाखरू आलं. मराठीत प्राणी बदलला की क्रियापद बदलतं, विशेषणही बदलतं : काळा कावळा, छोटी चिमणी, गोरंपान पाखरू. इंग्रजी पुस्तकात हेच वाक्य तिन्ही पानांवर जसंच्या तसं राहतं. त्यामुळे तिकडून मराठीत आणलेलं पुस्तक मुळात जितकं एकसुरी आणि सोपं होतं तितकं इथे राहत नाही. अनुवादकाने त्याचा विचार केलेला नसेल तर ठेका दर दोन पानांनी ठेचकाळतो आणि वाचणाऱ्याची जीभ अडते.

ऐकणाऱ्या मुलाच्या बाबतीत हा बदल वाईट नाही, उलट कामाचाच आहे. पाठोपाठच्या पानांवर आला-आली-आलं ऐकून कुणी न शिकवता तो फरक कानात बसतो. परदेशात वाढणाऱ्या, मराठी फक्त आई-बाबा किंवा आजी-आजोबांकडून ऐकणाऱ्या मुलांना तर अशी पुस्तकं मुद्दाम द्यावीत; 'माझा पुस्तक' म्हणणारं मूल सारखं दुरुस्त करत बसण्यापेक्षा हे कितीतरी बरं. फक्त ठेका सांभाळलेला हवा.

वाचायला नुकतंच शिकणाऱ्या मुलाला मात्र एकाच वाक्यात दोन-तीन ठिकाणी बदल झेपत नाही. त्याच्यासाठी लिंगानुसार न बदलणारी वाक्यं शोधा. 'कोण आहे तिथे?' सगळ्यांना चालतं. 'चल, पुढे चल' चालतं. 'कावळा येईल, चिमणी येईल, पाखरू येईल' यात क्रियापद हलत नाही. चांगल्या लेखकांनी आणि अनुवादकांनी ही युक्ती नकळत नव्हे, जाणूनबुजून वापरलेली असते, आणि अशी पुस्तकं वेगळी काढून ठेवावीत.

पायरी तिसरी : बदलतं काय, आणि ते चित्रात दिसतं का?

बदलणारा शब्द चित्रात ठळक दिसला पाहिजे. पानावर 'शेळी' असेल तर चित्रात शेळी. कुरणात शेळ्या, गायी, गुराखी आणि मागे डोंगर अशी गर्दी नको. वाक्यात 'विचार केला', 'आठवलं' असं काही बदलत असेल तर ते चित्रातून कळत नाही आणि मूल तिथे हमखास अडतं.

इथे ससेक्समधलाच आणखी एक अभ्यास उपयोगी पडतो. उघडलेल्या पुस्तकात एका वेळी एकच चित्र समोर असलं तर तीन वर्षांची मुलं नवे शब्द जास्त शिकली. डाव्या-उजव्या पानांवर दोन वेगळी चित्रं असली तर कमी. बोललं जातंय ते कुठल्या चित्राबद्दल, हेच मुलाला कळत नसणार. पान वाचण्याआधी वाचणाऱ्याने त्या पानाकडे हाताने दाखवलं तेव्हा ही अडचण दूर झाली. तेव्हा दोन वर्षांच्या आतबाहेरच्या मुलासाठी एका पानावर मजकूर आणि समोर एक चित्र, किंवा दोन्ही पानांवर पसरलेलं एकच चित्र असलेलं पुस्तक घ्या. घरात आधीच असलेल्या पुस्तकात दोन चित्रं असतील तर बोट ठेवून वाचा.

चित्रातल्या घराबद्दलही बोललं पाहिजे. बर्फातला माणूस आणि धुराड्याची घरं मुलांना आवडतात, त्यात वावगं काही नाही. पण सगळ्याच पुस्तकांत तेच असेल तर पुढचं काय येणार याचा अंदाज मुलाने कशाच्या आधारावर बांधायचा? पहिल्या चार-पाच पुस्तकांत तरी बादली-मग्गा, पोळपाट-लाटणं, लाल एसटी, रिक्षा, पत्र्यावरचा पाऊस असं काहीतरी दिसू द्या.

पायरी चौथी : अक्षरं

ही पायरी स्वतः वाचणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी. परत येणाऱ्या वाक्यात कोणते शब्द आहेत ते मोजा. 'आहे, नाही, आणि, मग, पण, होता, म्हणाली, कुठे, काय' हे शब्द कुठल्याही मराठी गोष्टीत पदोपदी येतात. पालुपद अशा शब्दांचं असेल तर पुस्तक संपेपर्यंत ते डोळ्यांत बसतात आणि पुढच्या पुस्तकात आपोआप ओळखू येतात. 'म्हणाली'मधला 'म्ह' हे जोडाक्षर आहे म्हणून दचकायचं कारण नाही. आठ-दहा वेळा दिसलं की मूल ते अखंड ओळखतं. पालुपदात एखादं जोडाक्षर चालेल. प्रत्येक पानावर नवं जोडाक्षर मात्र नको.

बदलणारे शब्द अगदी सुरुवातीला 'घर, बदक, गवत, मगर' असे काना-मात्रा नसलेले, मग 'ससा, मासा, घोडा' असे असतील तर उत्तम. मराठीत असा क्रम सांभाळून लिहिलेली आणि तरीही गोष्ट म्हणून रंगणारी पुस्तकं कमी आहेत. सापडली की घेऊन टाका.

छपाई नीट बघा. अक्षर ठसठशीत हवं, दोन ओळींत वेलांटी आणि उकार एकमेकांना भिडणार नाहीत एवढी जागा हवी, आणि मजकूर कोऱ्या पार्श्वभूमीवर हवा. पानाफुलांच्या चित्रावर छापलेल्या मजकुरात अनुस्वार हरवतो, आणि 'आंबा'चा 'आबा' होतो. एक शब्द दोन ओळींत तोडलेला नसावा. शेवटी 'ल' आणि 'श' बघा. महाराष्ट्र शासनाच्या वर्णमालेबद्दलच्या २००९ च्या निर्णयात पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' प्रमाण मानला आहे, शाळेत मुलं तेच गिरवतात. ही दोन अक्षरं हिंदी वळणाने काढणाऱ्या टंकात (फॉन्टमध्ये) छापलेली मराठी पुस्तकं पुष्कळ आहेत. मोठ्यांना फरक जाणवत नाही, नव्याने वाचणारं मूल मात्र "हे कुठलं अक्षर?" म्हणून थांबतं. एवढ्यासाठी चांगलं पुस्तक सोडू नका, पण पहिलंच पुस्तक तसं नको.

पायरी पाचवी : शेवटचं पान

शेवटच्या एक-दोन पानांवर साचा मोडला पाहिजे. दार उघडतं, हरवलेला सापडतो, सगळे झोपतात आणि एकजण जागा राहतो. नुसतीच यादी, म्हणजे दहा पानांवर दहा प्राणी आणि समाप्त, ही एका वर्षाच्या बाळाला पुरते. तीन वर्षांच्या मुलाला त्यात परत यावंसं वाटत नाही. शेवटी अचानक उपदेश आला असेल, 'म्हणून नेहमी खरे बोलावे' वगैरे, तर पुस्तक खाली ठेवा. असा शेवट मुलं ऐकून घेतात, पण पुन्हा म्हणत नाहीत.

कागद आणि बांधणीचं थोडक्यात : दोन वर्षांपर्यंत जाड पुठ्ठ्याची, गोल कोपऱ्यांची पुस्तकं. ती तोंडात जाणारच आहेत. पिना मारलेली पातळ पुस्तकं स्वस्त आणि छान असतात, पण ती मोठ्यांच्या हातात राहू द्या. सैल झालेली पीन लगेच काढा.

पुस्तक घरी आल्यावर

पहिल्या वाचनात काही विचारू नका. सरळ वाचा, ठेका धरून. दुसऱ्या-तिसऱ्या वाचनापासून पालुपदाच्या शेवटच्या शब्दाआधी थांबा आणि मुलाकडे बघा. "चिऊताई, चिऊताई, दार..." मनात चार अंक मोजेपर्यंत गप्प राहणं कठीण जातं, पण राहा. शब्द आला नाही तर स्वतः म्हणा आणि पुढे चला, 'सांग ना, सांग ना' करू नका. हळूहळू एका शब्दाचं अख्खं वाक्य होतं, आणि मग वाक्य मुलाचं आणि उरलेली गोष्ट तुमची अशी वाटणी पडते.

मोठ्या मुलासोबत बोट शब्दाखालून सरकवत वाचा. 'दार' म्हणताना बोट 'दार'खालीच असू दे. बोललेला एक शब्द म्हणजे छापलेला एक गठ्ठा, हे मुलाला पालुपदातूनच पहिल्यांदा उमगतं, कारण तिथे शब्द आधीच पाठ असतात आणि त्याला फक्त त्यांची जागा शोधायची असते.

"वाचत नाही हो, पाठ झालंय त्याला"

ही तक्रार बालवाडीच्या दारात नेहमी ऐकू येते, आणि ती खरीही असते. चार वर्षांचं मूल पुस्तक उघडून धडाधड 'वाचतं' तेव्हा ते बहुतेकदा आठवणीतून म्हणत असतं किंवा चित्र पाहून अंदाज बांधत असतं. त्या वयात ते हवंच आहे, त्याला अडवू नका. पण पहिलीतल्या मुलाच्या बाबतीत गल्लत होऊ देऊ नका. चित्र हाताने झाकून तोच शब्द विचारा. पालुपदातला एक शब्द कोऱ्या कागदावर लिहून दाखवा. ओळखला तर वाचन सुरू झालंय. नाही ओळखला तर पुस्तक काढून घेऊ नका, त्याच्या जोडीला अक्षर आणि मात्रा यांचा सराव वेगळा हवा. पुनरावृत्तीचं पुस्तक वाचनाची गती, ठेका आणि हिंमत देतं. अक्षरओळख ते एकट्याने करून देत नाही. चित्रावरून अंदाज बांधायची सवय पक्की झाली की पुढे चित्रं कमी झाल्यावर मूल अडखळतं, हे शिक्षकांनी पालकांना स्पष्ट सांगायला हवं.

कुठे शोधायची

प्रथम बुक्सची पुस्तकं मराठीत आहेत, परवडणारीही आहेत. त्यांच्या स्टोरीवीव्हर या २०१५ साली सुरू झालेल्या संकेतस्थळावर मराठी पुस्तकं फुकट वाचता येतात, उतरवून घेता येतात, छापताही येतात. तिथली पहिली पातळी सोप्या, पुन्हा पुन्हा येणाऱ्या शब्दांची आणि अडीचशेहून कमी शब्दांची असते. शोध तिथून सुरू करा. अनुवाद अनेक हातांनी झालेले आहेत, तेव्हा दुसऱ्या पायरीची मोठ्याने म्हणून बघायची परीक्षा इथे कडक घ्या. चांगलं सापडलं तर ते स्क्रीनवर न ठेवता छापून घ्या. पान उलटण्याची वाट बघणं हा या पुस्तकांचा निम्मा आनंद आहे. नॅशनल बुक ट्रस्टची मराठी बालपुस्तकं, पुण्याच्या ज्योत्स्ना प्रकाशनाची चित्रपुस्तकं, चेन्नईच्या तूलिकाची मराठी-इंग्रजी द्विभाषिक पुस्तकं हेही बघण्यासारखं. द्विभाषिक पुस्तक घेतलंत तर एका बैठकीत एकच भाषा वाचा. ओळीआड ओळ दोन भाषांत वाचली की ठेका जागच्या जागी मरतो.

एका वेळी तीन-चार पुस्तकं पुरेत. वाचनालयातून आणत असाल तर मुलाला आवडलेलं पुस्तक पुन्हा पुन्हा नोंदवून ठेवून घ्या. नवं आणलंच पाहिजे असं नाही.

मनासारखं मिळालं नाही तर

घरी करा. चार कोरे कागद मधे दुमडून शिवले की सोळा पानं होतात. विषय मुलाच्या हाताखालचा निवडा. नमुन्यादाखल हे एक :

आजी, आजी, पिशवीत काय?
हाताला लागलं मऊ मऊ.
(पान उलटा) रुमाल!

आजी, आजी, पिशवीत काय?
हाताला लागलं टोच टोच.
(पान उलटा) कंगवा!

आजी, आजी, पिशवीत काय?
हाताला लागलं गार गार.
(पान उलटा) बाटली!

आजी, आजी, पिशवीत काय?
हाताला लागलं खुळ खुळ.
(पान उलटा) किल्ल्या!

आजी, आजी, पिशवीत काय?
हाताला लागलं गरम गरम.
(पान उलटा) आजीचा हात!

रुमाल पुल्लिंगी आणि बाटली स्त्रीलिंगी असली तरी 'हाताला लागलं' कुठेच बदलत नाही, कारण हाताला काय लागलं हे अजून कळलेलंच नाही. मऊ, गार, गरम ही विशेषणं मुद्दाम घेतली आहेत, तीही लिंगानुसार बदलत नाहीत. वस्तूचं नाव पान उलटल्यावरच येतं, म्हणजे अंदाज बांधायला जागा राहते. चित्र काढता येत नसेल तर फोटो चिकटवा. खऱ्या पिशवीचा, खऱ्या किल्ल्यांचा. मुलाचा स्वतःचा हात कागदावर ठेवून गिरवून घेतला तर शेवटच्या पानासाठी वेगळं काही लागत नाही. मजकूर आधी पेन्सिलने लिहा, दोन-तीन दिवस वाचून बघा, जीभ जिथे अडते तिथे शब्द बदला, आणि मगच वरून स्केचपेन फिरवा.